बारावी पास आमरीन

औरंगपुऱ्यात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बायोडाटा करून घ्यायला रोज दहा-पंधरा जण येतात आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यात काहीतरी वाढवायला सांगतो. कुणी न केलेला कॉम्प्युटर कोर्स घालतो, कुणी सहा महिन्यांच्या अनुभवाचं दीड वर्ष करतो. मी निमूट टाईप करतो. शिक्षण कमी करायला सांगणारी मला एकच भेटली. कन्नड तालुक्यातल्या पिशोरची आमरीन शेख.

"गोकुळभाऊ, बारावीच्या खालच्या दोन ओळी उडवा," ती म्हणाली.

त्या दोन ओळी म्हणजे बी.एस्सी. आणि एम.एस्सी. रसायनशास्त्र, दोन्हींत पहिला वर्ग. तीन वर्षांपूर्वी त्या मीच टाईप केल्या होत्या. तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर तपासत होती.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग बारावीनंतर आठ वर्षं काय केलं म्हणून लिहू?"

"घरी बसले होते म्हणा. शिवणकाम म्हणा. अब्बांचं दुकान हायच." एवढं बोलून ती एकदम तडकली. "मागची तीन वर्षं तर घरीच बसलेय की. त्यात खोटं काय?"

तिचे वडील कमरोद्दीन पिशोरच्या बाजारगल्लीत शिंपीकाम करतात. आसपासच्या शाळांचे गणवेश त्यांच्या मशीनवर शिवले जातात. स्वतः सातवीत शाळा सुटलेली. पण माप घेताना गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप टाकून ते आमरीनच्या मार्कांबद्दल सांगायचे आणि ऐकून झाल्याशिवाय टेप काढायचे नाहीत. बारावी तिनं कन्नडला एसटीनं ये-जा करून केली. पुढं शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात पाच वर्षं. त्या कॉलेजचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. जाहिरात त्यांची तशीही पुष्कळ झालेली आहे.

एम.एस्सी. झाल्यावर तिनं जिथं जिथं अर्ज केला तिथून ती काहीतरी ऐकून आली. एका प्रयोगशाळेनं सांगितलं, आम्हाला बी.फार्म. लागतात. दुसऱ्या ठिकाणी अनुभव मागितला. तिसऱ्या ठिकाणचा गृहस्थ म्हणाला, "वर्षभर बिनपगारी शिका, शेवटी सर्टिफिकेट देऊ." ती त्याला म्हणाली, "सर्टिफिकेट हायत माझ्याकडं. कमी पडलं तर तुम्हालाच देते दोन." तिथून अर्थातच बोलावणं आलं नाही.

आणि माझ्या दुकानात आली त्या सकाळी ती वाळूजच्या एका औषध कंपनीच्या फाटकावरून आली होती. पॅकिंगसाठी मुली घ्यायच्या होत्या. शंभरेक मुली उभ्या. वॉचमननं हात करून सांगितलं, बारावीवाल्या इकडं, ग्रॅज्युएट आणि त्याच्या वरच्या तिकडं. तिकडची रांग दुप्पट झाली. आमरीनला वाटलं, आपल्याला आधी घेतील. मग आतून इंद्रजीत नावाचा अधिकारी आला. माणसं घ्यायचं आणि काढायचं काम त्याच्याकडं. तो तिकडच्या रांगेला म्हणाला, "तुम्ही सगळ्या घरी जा. तुम्हाला कामावर घेतलं की दोन महिन्यांत चांगली नोकरी शोधायला पळता. नाहीतर प्रश्न विचारत बसता."

तेवढ्या सगळ्या मुली एवढ्याच शब्दांत तिथून हाकलल्या गेल्या. सहा इंजिनिअर होत्या त्यांच्यात.

मी त्या दोन ओळी काढल्या. मनाला बरं वाटलं नाही, तरी काढल्या. पंधरा दिवसांनी कंपनीनं पुन्हा मुली बोलावल्या तेव्हा आमरीन बारावीच्या रांगेत उभी राहिली आणि कंत्राटदाराच्या नावावर कामाला लागली.

काम सोपं होतं. मशीनमधून गोळ्यांच्या स्ट्रिप येतात, त्या बघायच्या, खोक्यात भरायच्या. तिच्या लाईनवर रूपा नावाची कन्नडची बाई मुख्य होती. सात वर्षांची जुनी. रूपाला ही पहिल्या दिवसापासून खुपली, आणि त्याला कारण होतं. रूपाची धाकटी बहीण निशा बारावी पास होती. आमरीन ज्या रांगेतून आत गेली त्याच रांगेत निशा तिच्या मागं उभी होती. भरती आमरीनपाशी येऊन संपली. आमरीनला हे ठाऊक नव्हतं. रूपा मात्र रोज तिच्याकडं बघून ते आठवत होती.

चार महिने आमरीननं तोंड बंद ठेवलं. इंग्रजी लेबल वाचता येत नाही असं दाखवायची, बरोबरीच्या बायकांना "हे काय लिहिलंय?" विचारायची. मला सांगताना ती हसायची, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

मग एक दिवस तिला राहवलं नाही. स्ट्रिप नीट चिकटल्यात की नाही हे बघायला तिथं दर थोड्या वेळानं काही नमुने निळ्या पाण्यात बुडवून भांड्यातली हवा ओढून घेतात. कुठं फट राहिली असेल तर निळं पाणी आत शिरतं. त्या दिवशी तपासणीवाल्यानं एक स्ट्रिप बाहेर काढली, कोपऱ्यात निळं दिसलं, त्यानं ते अंगठ्यानं पुसलं आणि कागदावर बरोबरची खूण केली.

"पुसून काय होतंय? पाणी आत गेलंय," आमरीन म्हणाली. "चिकटवणारा रोलर पुरता तापत नाय. मागचा माल थांबवा."

"तू कोण सांगणारी?"

"ही गोळी ओल धरती. महिन्याभरात खराब होईल. कुणीतरी खाणार हाय ना ती?"

आवाज ऐकून सुपरवायझर आला. त्यानं स्वतः तपासलं. आमरीन म्हणाली तेच निघालं. सकाळपासूनचा माल परत फोडावा लागला. लाईनवरच्या सगळ्या बायकांना थांबून खोकी उघडावी लागली आणि कंपनीची बस त्यांना न घेताच निघून गेली. शाबासकी कुणी दिली नाही. बायका हमरस्त्यापर्यंत चालत गेल्या आणि वाटभर आमरीनला शिव्या घालत गेल्या.

रूपा तिच्याशेजारी येऊन चालायला लागली. "बारावीला हे कुठं शिकवतात गं?"

"मोबाईलवर बघितलं."

"मी पण बघते मोबाईल. मला तर कधी नाय दिसलं."

पुढच्या रविवारी रूपा कन्नडच्या बसस्टँडवर उतरली आणि तिला समोर आमरीन दिसली. वीस फुटी फ्लेक्सवर. प्रवेशाचे दिवस होते. आमरीनच्या कॉलेजनं गावोगाव बोर्ड लावले होते, वर सचिव नानासाहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. त्यात दुसरा फोटो हिचा: 'कु. आमरीन शेख, एम.एस्सी. रसायनशास्त्र, नामांकित औषध कंपनीत निवड'.

झालं होतं असं की कॉलेजमधून पिशोरला फोन गेला होता, तुमची मुलगी सध्या काय करते म्हणून. फोन कमरोद्दीननी घेतला. ते अभिमानानं म्हणाले, औषधांच्या कंपनीत हाय. पॅकिंगचं त्यांना माहीत होतं. पण ते फोनवर कशाला सांगतील?

रूपानं बोर्डाचा फोटो काढला आणि सोमवारी सकाळी इंद्रजीतच्या टेबलावर मोबाईल ठेवला.

पुढचं बोलणं आमरीननं मला इतक्या वेळा सांगितलंय की माझं पाठ झालंय.

"हा फोटो तुझा?" इंद्रजीतनं विचारलं.

"माझा."

"खाली काय लिहिलंय, वाचता येतं?"

"येतं. इंग्रजी पण येतं."

"मग हा कागद घे आणि राजीनामा लिही. घरगुती कारण टाक."

"माझ्या घरी काय झालं नाय. काढताय तुम्ही, तर तुम्ही लिहा. एम.एस्सी. हाय म्हणून काढली, असं लिहा."

"माहिती लपवली म्हणून काढतोय."

"कुठली माहिती? चोरी केली होती? जेलात जाऊन आले होते? जे लपवलं त्याचं नाव लिहा."

इंद्रजीत हसला. "तो कागद घेऊन फिरलीस तर कुठल्या फाटकातून आत घेणार नाहीत तुला."

"एम.एस्सी.चा घेऊन फिरले तेव्हा तरी कुठं घेतलं? तुम्हीच हाकललं होतं. मी होते त्या रांगेत."

आता तो चिडला. "हे बघ, मी इंजिनिअर आहे. वरून एमबीए केलंय. आणि दिवसभर इथं बसून तुमच्या बसच्या याद्या करतो. मी ओरडतो का कुणावर?"

"आत्ता ओरडताय की. माझ्यावर."

त्यानं तिला बाहेर काढायला सांगितलं. ती फाटकाजवळच्या खोलीत जाऊन बाकावर बसली आणि म्हणाली, पत्र दिल्याशिवाय उठत नाय. दहा वाजता बसली. जेवायच्या सुट्टीत बायका काचेतून डोकावून गेल्या. वॉचमननं पंखा बंद केला. दोनदा कंत्राटदाराचा माणूस येऊन धमकावून गेला. चार वाजता शिफ्ट सुटायच्या आत तिला दोन ओळींचं पत्र मिळालं. शिक्क्यासकट. 'अर्जात एम.एस्सी. (रसायनशास्त्र) ही पात्रता लपवल्याचे आढळल्याने आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे.' असं पत्र मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

शिफ्ट सुटल्यावर फाटकाबाहेर रूपा उभी होती. आमरीन सरळ तिच्यासमोर गेली.

"झालं समाधान?"

"अर्धं झालं," रूपा म्हणाली. "निशाला घेतील तेव्हा पुरं होईल."

"मी तुझं काय बिघडवलं होतं?"

"तुझ्याकडं बारावी हाय, त्याच्यावर अजून दोन हायत. माझ्या बहिणीकडं एकच हाय. तेवढ्या एकावर मिळणाऱ्या जागेवर पण तूच येऊन बसणार? मग तिनं कुठं जायचं? धुणीभांडी करायला?"

"मला वरच्या जागेवर घेतलं असतं तर मी खाली आले असते का?"

"ते तुझ्या कॉलेजला विचार. मला नको विचारू."

रूपाचं बोलणं आमरीनला खोटं वाटलं नाही. तिनं मला तसं कबूलही केलं. पण रूपाला तिनं माफ केलं असं कुणी समजू नये. "मला पकडून दिलं ते एक वेळ ठीक," ती म्हणाली, "पण ती खराब गोळी मी थांबवली तेव्हा पण ती माझ्याकडं तसंच बघत होती. ते नाय विसरणार मी."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून त्या पत्राच्या पन्नास प्रती काढून घेतल्या. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "कॉलेजला जायचंय. अब्बा येतायत." मी दुकानाचं शटर ओढलं आणि बरोबर गेलो. खरं सांगायचं तर मलाही त्या नानासाहेबाचं तोंड बघायचं होतं. मी मराठीत एम.ए. आहे. माझ्या दुकानाच्या पाटीवर तेही लिहिलेलं नाही.

कमरोद्दीन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. वाटेत ते मला दोनदा म्हणाले, "मोठी माणसं हायत. नीट सांगितलं तर ऐकतील."

नानासाहेबांनी आधी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळ, अगं पाच तालुक्यांत तुझा फोटो लागलाय. लोकांना किती कौतुक आहे. आणि यात खोटं काय आहे? कंपनी औषधांची आहे. नामांकित आहे. निवडही झाली होती."

"खोकी भरायला झाली होती. आणि तुमच्या बोर्डामुळंच ती पण गेली."

"ते आम्हाला कसं कळणार? तुझ्या वडिलांनीच सांगितलं फोनवर. हो की नाही हो?"

कमरोद्दीननी मान खाली घातली. "सांगितलं साहेब."

"बघ." नानासाहेब खुर्चीत मागं टेकले.

"माझा फोटो उतरवा," आमरीन म्हणाली. "आजच्या आज."

"प्रवेश संपले की सगळेच उतरतील."

"प्रवेश संपल्यावर कशाला? आत्ता उतरवा. तो फोटो बघून पोरी येणार इथं. पाच वर्षं घालवणार."

आता त्यांचा आवाज बदलला. "इथं डिग्री मिळते. ती तुला दिली, पहिल्या वर्गात दिली. नोकरीची हमी कुठल्या कागदावर दिली होती, दाखव. तुला बाहेर टिकता आलं नाही, तर तो कॉलेजचा दोष नाही. तुझ्याबरोबर ऐंशी मुलं होती. एक तरी आला का भांडायला?"

"त्यांच्याकडं दाखवायला काय हाय? मला तरी कागद मिळाला."

"बाहेर तमाशा केलास तर मी पोलिसांना बोलवीन. मुस्लिम मुलगी आहेस, वडील इज्जतदार आहेत, विचार कर जरा."

ते शेवटचं वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. मी काही बोलायच्या आत आमरीन उठून बाहेर गेली होती.

प्रवेशाच्या खिडकीसमोर रांग होती. आई-बाप, हातात पिशव्या, पिशव्यांत गुणपत्रिका. आमरीननं रांगेच्या मधोमध उभं राहून पत्र मोठ्यानं वाचलं. मग समजावून सांगितलं. "ह्या कॉलेजच्या बोर्डावर जी मुलगी हाय, ती मी. मला डिग्री हाय म्हणून कामावरून काढलं. पोरींची नावं घालायच्या आधी एकदा विचार करा." आणि ती प्रती वाटायला लागली.

मला वाटलं होतं, लोक तिच्याभोवती जमतील. चार प्रश्न विचारतील. निदान रांग थोडी तरी हलेल.

रांग हलली नाही. मागून एक जण ओरडला, "बाई, बाजूला व्हा. खिडकी एक वाजता बंद होती." दुसरी एक आई म्हणाली, "तुझं झालं ना शिकून? आता दुसऱ्याच्या पोरींना आडवी येतीस का?" एका मुलीनं कागद घेतला, तर तिच्या भावानं तो हातातून ओढून खाली टाकला.

रांगेत कडुबा नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलीचा अर्ज त्यांनी माझ्याच दुकानात भरला होता. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. घडी घातली. आमरीनला परत दिलं आणि शांतपणे विचारलं, "खरं हाय तुझं. मग मी हिला काय करू, ते सांग. घरी बसवू? की लग्न लावू?"

"मला नाय माहीत, काका."

"मग माहीत नसताना रांग कशाला अडवतीस?" असं म्हणून ते एक पाऊल पुढं सरकले, कारण तेवढ्यात त्यांच्या पुढचा माणूस सरकला होता.

दोन शिपाई आले आणि आम्हाला फाटकाबाहेर घालवून आले. मला ढकललं, तिला नुसतं घेरून नेलं. कमरोद्दीन मागून येत होते. रस्त्यावर आल्यावर ते तिला म्हणाले,

"माझ्या तोंडून एक शब्द गेला, त्याची एवढी सजा देतेस? चारचौघांत?"

"मी तुम्हाला काय बोलले, अब्बा?"

"रांगेत पिशोरची दोन घरं होती. आता गावात काय सांगू मी?"

"खरं सांगा. खोकी भरत होती, तिथून पण काढली."

त्यांनी तिच्याकडं असं बघितलं की मी नजर वळवली. ते एकटेच रिक्षात बसून स्टँडवर गेले. इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती.

फ्लेक्सचं पुढं काय झालं, तेही सांगतो. तीन दिवसांनी कन्नडच्या बोर्डावर आमरीनच्या तोंडावर दुसऱ्या एका मुलीचा फोटो चिकटवला गेला. कुणी तनुजा म्हणून. हुद्दा तोच ठेवला, 'नामांकित औषध कंपनीत निवड'. ती खरंच तिथं आहे का, हे विचारायला आता कुणी गेलं नाही. रसायनशास्त्राच्या जागा त्या वर्षी भरल्या. निशाला वाळूजच्या कंपनीत घेतलं. बारावीवर.

आमरीन सध्या माझ्या गल्लीतच रंगाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक कार्डावरचा रंग दाखवतं, ती मशीनवर आकडे टाकते, डब्यात रंग मिसळून देते. मालकानं शिक्षण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "काम बघा आठ दिवस. शिक्षण विचारणार असाल तर मी आत्ताच जाते." त्याला माणूस हवा होता. त्यानं विचारलं नाही. गिऱ्हाइकांशी ती फटकळपणे बोलते आणि त्याबद्दल मालक दर आठवड्याला कुरकुरतो. पण तिनं दिलेला रंग भिंतीवर वेगळा निघाला, अशी तक्रार अजून आलेली नाही. एकदा मी तिला म्हटलं, तुझं रसायनशास्त्र इथं थोडं तरी उपयोगाला येतं. त्यावर तिनं मला असं झापलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

कमरोद्दीन मधे सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत. मग जैतुनबींनी, म्हणजे तिच्या आईनं, मधे पडून तिला ईदला घरी बोलावलं. ती गेली. शीरखुर्मा झाला, पाहुणे येऊन गेले. संध्याकाळी वडिलांनी कपाटातून एक फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवला. बी.एड.चा.

"एवढं कर. मास्तरीणबाईला मरण नाय."

"अब्बा, अजून एक? ह्याच्यानंतर कुठला?"

"तू कर तर आधी."

ती जेवण न करता, सकाळच्या एसटीची वाट न बघता, मिळेल त्या पहिल्या जीपनं परत आली. दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानाचं शटर तिनंच उघडलं. मी चहा घेऊन गेलो आणि फॉर्मचं काय केलं ते विचारलं.

"मी हात पण लावला नाय," ती डब्याचं झाकण ठोकत म्हणाली. "पण सकाळी अम्मीचा फोन आला. अब्बांनीच भरला म्हणे. सही पण माझ्या नावाची त्यांनीच केली. आता परीक्षेला पण त्यांनाच बसू दे."